गडद टी-शर्टवर मऊ छपाई: बडोद्यातील छोट्या कारखान्यासाठी साधनांचे परीक्षण

बडोद्यात श्रावण लागला की दांडिया बाजार, रावपुरा आणि मांडवीच्या परिसरातील गणेश मंडळांकडून टी-शर्टची विचारणा सुरू होते आणि ती नवरात्रापर्यंत थांबत नाही. मंडळांना रंग हवा असतो काळा, मरून किंवा गडद निळा. त्यावर पांढऱ्या आणि भगव्या रंगात गणपतीची रेखाकृती आणि मंडळाचे नाव. छपाई झाल्यावर ठरलेली तक्रारही येते, की छातीवर पुठ्ठा चिकटवल्यासारखे वाटते, घाम आला की आतून ओले राहते आणि चार धुण्यांत चिरा पडतात. या तक्रारीवर बहुतेक दुकानदार महागडी शाई किंवा मऊपणा आणणारे एखादे मिश्रण सुचवतात. हाताने छपाई करणाऱ्या लहान कारखान्यात ही साधने वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की, मऊपणा डब्यातल्या शाईपेक्षा कापडावर शाईचा किती थर उरतो यावर ठरतो, आणि तो थर ठरवणारी साधने म्हणजे जाळी, तिचा ताण, स्क्विजीचे (जाळीवरून शाई ओढण्याच्या पट्टीचे) रबर आणि उष्णता देण्याची पद्धत. म्हणून पैसे कुठे घालावेत आणि कुठे घालू नयेत, याच दृष्टीने हे परीक्षण लिहीत आहे.

पांढऱ्या टी-शर्टवर हा प्रश्नच येत नाही. साधी पिगमेंट पेस्ट बाइंडरमध्ये (रंग कापडाला धरून ठेवणाऱ्या द्रव्यात) मिसळून छापली की ती धाग्यात मुरते आणि हाताला जवळजवळ काहीच लागत नाही. परंतु ही शाई पारदर्शक असते, त्यामुळे काळ्या कापडावर ती दिसेनाशी होते. गडद कापड झाकायचे तर टायटॅनियम डायॉक्साइड भरलेला पांढरा थर खाली द्यावा लागतो. हा पांढरा रंग जड, घट्ट आणि जाळीतून सहज न उतरणारा असल्याने छापणारा जोर लावतो, दोनतीन हात मारतो (म्हणजे स्क्विजी दोनतीनदा ओढतो) आणि थर वाढत जातो. तक्रारीचे मूळ इथे आहे. यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत: एक तर पांढरा थर शक्य तितका पातळ छापायचा, नाहीतर पांढरा थर न घालता कापडाचाच रंग काढून टाकायचा.

पातळ थरासाठी पहिली आणि सर्वांत महत्त्वाची खरेदी जाळीची, म्हणजे बोल्टिंग कापडाची. इथल्या दुकानांत पांढऱ्या रंगासाठी म्हणून 43 टीची जाळी पुढे केली जाते. 43 टी म्हणजे एका सेंटिमीटरात 43 धागे. इंचाच्या हिशोबाने हीच जाळी 110 नंबरची म्हणून मागितली जाते. तिचा धागा साधारण 80 मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे जाळीचे कापडच जाड असते आणि तिच्या छिद्रात शाईही तितकीच उभी राहते. झाकण्याचे काम ती उत्तम करते, पण मऊपणाचा विचार मनात असेल तर ती घेऊ नये. त्याउलट 77 किंवा 90 टीची नेहमीची जाळी घेतली, तर छिद्रे इतकी लहान होतात की घट्ट पांढरी शाई उतरतच नाही, आणि मग पुन्हा जोर लावणे आले.

माझ्या मते यावरचा खरा तोडगा म्हणजे बारीक धाग्याची जाळी. सेंटिमीटरात 60 धागे हे प्रमाण धरून हिशोब करून पाहावा. धागा 64 मायक्रॉनचा असेल तर जाळीचे उघडे क्षेत्र सुमारे 38 टक्के भरते. तोच धागा 48 मायक्रॉनचा घेतला तर ते सुमारे 51 टक्के होते. 43 टीच्या जाड जाळीचे उघडे क्षेत्रही 43 टक्क्यांच्या आसपासच येते. याचा अर्थ असा की, बारीक धाग्याची 60 टी जाळी जाड जाळीपेक्षा अधिक मोकळी असते आणि तरीही ती अंगाने पातळ असल्यामुळे कमी शाई सोडते. पांढरा रंग एका हातात, कमी जोराने, कापडाच्या वरच राहून उतरतो. देवनागरी अक्षरांना याचा आणखी एक फायदा होतो. जाड जाळीत अनुस्वाराचे टिंब, रफार आणि वेलांटीची शेपटी भरून जातात किंवा दातेरी दिसतात. बारीक धाग्यावर ती स्वच्छ येतात. या जाळीचे दोष मात्र सांगायलाच हवेत. ती महाग आहे, इथे प्रत्येक दुकानात तयार मिळत नाही, आणि स्क्विजीच्या कोपऱ्याचा किंवा टी-शर्टवर राहिलेल्या टाचणीचा ओरखडा तिला पुरतो. शिकाऊ मुलाच्या हाती ती पहिल्याच आठवड्यात देऊ नये.

जाळी कितीही चांगली असली तरी ती सैल असेल तर सर्व व्यर्थ आहे. सागवानी चौकटीवर स्टेपल मारून ताणलेल्या स्क्रीन (जाळी बसवलेल्या चौकटी) स्वस्त पडतात आणि कागदी कामाला, पत्रिकांना, स्टिकरला चालतात; पण पावसाळ्यात लाकूड फुगते, वाकते आणि ताण उतरतो. सैल जाळी छापल्यानंतर कापडापासून लगेच सुटत नाही, शाई अर्धी जाळीतच राहते, आणि मग दुसरा हात मारावा लागतो. त्यासाठी ॲल्युमिनियमच्या चौकटीवर, ताणयंत्राने ओढून, गोंदाने चिकटवलेली जाळी घ्यावी. ताण न्यूटन प्रति सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि हातछपाईसाठी 20 ते 25 हा आकडा चांगला समजावा. ताण मोजण्याचे यंत्र प्रत्येक लहान कारखान्याने विकत घ्यावे असे मी म्हणणार नाही, कारण त्याची किंमत अनेक स्क्रीनच्या किमतीइतकी होते. परंतु जाळी ताणून देणाऱ्याकडे ते असलेच पाहिजे आणि स्क्रीन ताब्यात घेताना आपल्यासमोर मोजून घेण्याचा आग्रह धरावा. बोटाने टिचकी मारून आवाजावरून ताण सांगणारे कारागीर आपल्याकडे आहेत आणि त्यांतल्या काहींचा अंदाज खरोखर अचूक असतो, पण पावती आकड्याचीच मागावी. ताण चांगला असला की स्क्रीन आणि कापड यांतील फट दोनतीन मिलिमीटरवर आणता येते, आणि छपाईचे टेबल घेताना ही फट कमीजास्त करण्याचा स्क्रू आहे की नाही, एवढे तरी पाहावेच.

स्क्विजीच्या बाबतीत आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. लाकडी मुठीत बसवलेली रबराची पट्टी कोणती आहे हे कोणी विचारत नाही, दुकानदारही सांगत नाही. रबराचा कडकपणा शोर या मापात मोजतात; 60 मऊ, 70 मध्यम, 80 कडक. मऊ रबर दाबाखाली वाकते, त्याची धार आडवी पडते आणि शाई जास्त उतरते. गोल झालेली जुनी धारही हेच करते. पातळ थरासाठी 70 किंवा 75 ची, धारदार काटकोनी कडेची पॉलियुरेथेनची पट्टी घ्यावी. बाजारात तीन थरांची 70-90-70 अशीही पट्टी मिळते. तिचा गाभा कडक आणि दोन्ही बाजू मध्यम असल्याने ती वाकत नाही आणि जाळीवरही कठोर पडत नाही. किंमत जास्त असली तरी साधनांच्या या यादीत खर्चाच्या मानाने सर्वाधिक फरक तिने पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. साधे रबर पॉलियुरेथेनच्या निम्म्या किमतीत मिळाले तरी घेऊ नये, कारण धुण्याच्या रसायनाने ते फुगते आणि धार लवकर जाते.

आता इमल्शनबद्दल, म्हणजे नक्षीबाहेरची जाळी बंद करणाऱ्या, प्रकाशाने कडक होणाऱ्या लेपाबद्दल थोडक्यात. बायक्रोमेट मिसळून घरी बनवलेले जुने मिश्रण अजूनही वापरले जाते. त्यातले क्रोमियम विषारी आहे आणि ते धुवून गटारात सोडणे योग्य नाही, म्हणून ते बाद समजावे. डायझो (प्रकाशाला संवेदनशील करणारे रसायन) मिसळायचे दुहेरी प्रकारचे इमल्शन घ्यावे, आणि पाण्यावर आधारित शाई किंवा डिस्चार्ज (कापडाचाच रंग काढणारी छपाई) छापायचे असेल तर पाण्याला टिकणारे, असे डब्यावर लिहिलेलेच घ्यावे. नाहीतर शंभरेक नग होण्याआधीच स्टेन्सिल, म्हणजे जाळीवरचा हा कडक झालेला लेप, कडेने विरघळू लागते. लेप पातळ द्यावा, आतून एक आणि बाहेरून एक पुरेसा होतो, कारण जाड स्टेन्सिल म्हणजे जास्त शाई. आपल्या गावची अडचण मात्र वेगळी आहे. मंडळांचे काम नेमके ऐन पावसाळ्यात येते आणि तेव्हा बडोद्याच्या हवेत आर्द्रता अनेक दिवस 80 टक्क्यांच्या वर असते. पंख्याखाली सुकवलेले इमल्शन हाताला कोरडे लागते पण आत ओलसर राहते, प्रकाश दिल्यावर नीट कडक होत नाही आणि धुताना बारीक रेघांसकट निघून जाते. यावर लहानशा बंद कपाटात हवेतील ओलावा शोषणारे यंत्र ठेवणे हाच उपाय मला पटला आहे. प्रकाश देण्याच्या नव्या पेटीवर खर्च करण्याआधी या यंत्रावर करावा.

आता शाईकडे येऊ. प्लास्टिसॉल म्हणजे पीव्हीसीचे कण प्लास्टिसायझरमध्ये (प्लास्टिक मऊ ठेवणाऱ्या द्रवात) मिसळलेली शाई. ती हवेने वाळत नाही, त्यामुळे मे महिन्याच्या 42 अंशांतही जाळीत अडकत नाही आणि दुपारी जेवायला गेले तरी स्क्रीन तशीच ठेवता येते. नवशिक्याला आणि मंडळांच्या मोठ्या, घाईच्या कामाला मी हीच सुचवीन; घेताना फ्थॅलेट प्रकारच्या प्लास्टिसायझरविना आहे का, एवढे विचारावे. विल्फ्लेक्ससारख्या परदेशी नावांची पांढरी शाई मलईदार असते आणि कमी हातांत झाकते. शाईच्या गुणवत्तेचा खरा फरक पांढऱ्यातच दिसतो, इतर रंगांत तितका नाही. म्हणून पांढरा डबा उत्तम घ्यावा आणि वरचे रंग मध्यम किमतीचे घेतले तरी चालतात, ही माझी शिफारस.

मऊपणासाठी विकल्या जाणाऱ्या मिश्रणाबाबत माझे मत फारसे अनुकूल नाही. ते मिसळले की शाई पातळ होते हे खरे, पण त्याबरोबर टायटॅनियमचे प्रमाणही उतरते; मग काळे कापड खालून दिसू लागते, छापणारा दुसरा हात मारतो आणि थर पुन्हा पहिल्याइतका होतो. खालच्या पांढऱ्यात ते घालूच नये. वरच्या भगव्या किंवा पिवळ्या रंगात घातल्यास उपयोग होतो, कारण तिथे झाकण्याचे काम पांढऱ्याने आधीच केलेले असते. मिश्रण घ्यायचेच असेल तर उष्णतेने पक्के होणारे घ्यावे, कारण नुसते पातळ करणारे द्रव्य प्रमाणाबाहेर गेले तर शाई नीट पक्की होत नाही आणि धुण्यात निघते.

पाण्यावर आधारित पांढरी शाई आपल्याकडे रबर पेस्ट म्हणून मिळते. ती ताणते, तिच्यात पीव्हीसी नसते आणि स्वस्त असते, म्हणून अनेक कारखाने तिच्यावरच चालतात. बारीक जाळीवर मात्र तिला सांभाळणे कठीण आहे. बडोद्याच्या उन्हाळ्यात ती जाळीतच वाळते आणि दर थोड्या वेळाने स्क्रीन ओल्या फडक्याने पुसावी लागते. वाळणे लांबवणारे द्रव्य घालता येते, पण तेही मर्यादेत. खडी छपाईची (पांढऱ्या पेस्टने कापडावर नक्षी छापण्याची) परंपरा असलेल्या आपल्या भागात या प्रकारच्या पेस्टचा अनुभव जुना आहे आणि साडी-ओढणीवर ती शोभतेही, परंतु ताणणाऱ्या विणीच्या टी-शर्टवर जास्त बाइंडर घातलेली खडी कडक लागते. मात्सुई आणि मॅग्ना यांच्या पाण्यावरच्या शाया मऊपणात फार पुढे आहेत. लहान मागणीसाठी त्या मागवणे परवडत नाही. निर्यातीचे किंवा ब्रँडचे काम असेल तर विचार करावा.

हाताला काहीच लागू नये असा छापा गडद कापडावर हवा असेल तर डिस्चार्जला पर्याय नाही. यात शाईत झिंक फॉर्माल्डिहाइड सल्फॉक्सिलेट हे रसायन वजनाच्या साधारण 6 टक्के मिसळतात. उष्णता आणि ओलावा मिळाला की ते कापडाचा रंग नष्ट करते आणि शाईतले रंगद्रव्य त्या जागी धाग्यात बसते. पारंपरिक कापड छपाईत रोंगालाइट वापरून वाफेवर हेच केले जाते. इथे जाळीचा माझा वरचा सगळा आग्रह सैल होतो: शाई कापडात आत शिरायला हवी असल्याने 43 ते 62 टीची साधी जाळीही चालते आणि छापा तरीही मऊ राहतो, कारण वर थरच उरत नाही. मर्यादा मात्र अनेक आहेत. मिसळलेली शाई काही तासांतच वापरून संपवावी लागते. कापड शंभर टक्के सुती आणि रिॲक्टिव्ह रंगाने रंगवलेले असावे लागते. सल्फर रंगाचा काळा नीट उतरत नाही आणि मोरपिशी, राजनिळा असे काही रंग तर जवळजवळ हलतच नाहीत. टी-शर्ट विकणाऱ्याला यातले बहुधा काहीच माहीत नसते, म्हणून प्रत्येक नव्या गठ्ठ्यातला एक नग आधी छापून पाहावा. मिळणारा पांढराही शुभ्र नसतो, कोऱ्या सुताचा किंचित पिवळसर असतो. शुभ्र हवा असेल तर डिस्चार्ज बेसमध्ये पांढरे रंगद्रव्य मिसळावे. छापताना आणि तापवताना फॉर्माल्डिहाइड आणि गंधकाचा उग्र वास येतो. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे. बंद खोलीत, एक्झॉस्टशिवाय हे काम करू नये आणि ग्राहकाला न धुता घालायला देऊ नये. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यातल्या मागच्या खोलीत, जिथे वर बिऱ्हाड राहते, तिथे तर मुळीच नाही.

कापडही या कामातले एक साधनच आहे. 180 जीएसएमचा (चौरस मीटरला 180 ग्रॅम वजनाचा), कोम्ब्ड म्हणजे विंचरलेल्या सुताचा, बायोवॉश केलेला टी-शर्ट घेतला तर एन्झाइमने पृष्ठभागावरचे बारीक तंतू आधीच गेलेले असतात. पातळ पांढरा थर त्यावर सपाट बसतो. स्वस्त कापडाचे तंतू थरातून वर येतात, ते दाबण्यासाठी छापणारा आणखी शाई घालतो, आणि कापडात वाचवलेले पैसे शाईत जातात. मंडळांना स्वस्त म्हणून आवडणारे पॉलिएस्टरचे टी-शर्ट हा तर वेगळाच विषय आहे. त्यांचा डिस्पर्स रंग उष्णतेने उडून पांढऱ्यात शिरतो, आणि मरून कापडावरचा पांढरा गणपती दुसऱ्या दिवशी गुलाबी दिसतो. त्यासाठी रंग रोखणारी, 130 अंशांच्या आसपास पक्की होणारी शाई मिळते. पण पॉलिएस्टरवर मऊपणाचे आश्वासन ग्राहकाला देऊ नये.

दोन पांढऱ्या थरांच्या मध्ये शाई स्पर्शाला कोरडी करण्यासाठी फ्लॅश (वरून उष्णता देणारे यंत्र) लागतो. इथे काटेकोर राहावे. पहिला थर नुसता चिकट न राहण्याइतकाच तापवावा. जास्त तापवला तर तो कडक होतो, वरचा रंग त्याला नीट धरत नाही आणि टेबलाची फळी तापून पुढच्या टी-शर्टवर शाई जाळीतच घट्ट होऊ लागते. फ्लॅशनंतर, रंग छापण्याआधी, एका कोऱ्या स्क्रीनखाली टेफ्लॉनचा कागद लावून कडक स्क्विजीने पांढऱ्यावरून एक हात फिरवावा. उभे राहिलेले तंतू बसतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि वरचा रंग एका हातात झाकतो. जवळजवळ फुकटात होणारी ही युक्ती आपल्याकडे फार कमी जण करतात, याचे मला आश्चर्य वाटते.

शेवटी शाई पक्की करायला साध्या प्लास्टिसॉलला संपूर्ण थरात 160 अंश लागतात. हातात धरायचे इन्फ्रारेड तापमापक फक्त वरचा पृष्ठभाग सांगते, त्यामुळे त्यावर विसंबून काढलेले नग धुण्यात तडकतात. थरात टेकवायचा प्रोब किंवा तापमान दाखवणाऱ्या चिकटपट्ट्या घ्याव्यात. लहान कारखान्यात बहुतेकांकडे हीट प्रेस असते. प्लास्टिसॉलला ती उत्तम, कारण सिलिकॉन कागद ठेवून दाबल्यावर थर आणखी सपाट होतो. पाण्यावरच्या शाईला मात्र ती एकटी पुरत नाही, कारण बंद प्रेसमधून वाफ निघायला वाट नसते. आधी गरम हवेने पाणी उडवावे लागते. त्यामुळे डिस्चार्ज नियमित करायचे ठरवले असेल तर हवा फिरवणाऱ्या पट्ट्याच्या ड्रायरचा खर्च धरूनच भाव सांगावा, किंवा ते काम ज्यांच्याकडे ड्रायर आहे त्यांना द्यावे.

एकदम सारे घेणे शक्य नसेल तर मी तीन थरांची स्क्विजी आणि ताणलेल्या दोन ॲल्युमिनियम स्क्रीन आधी घेईन, मग उत्तम पांढऱ्या प्लास्टिसॉलचा एक डबा, मग फ्लॅश. चार रंगांचे फिरते टेबल मोहक दिसते, पण एका रंगाच्या भक्कम टेबलावर पातळ पांढरा छापता येऊ लागेपर्यंत त्याची गरज नाही. फ्लॅश घेण्याआधी वायरमनला बोलवावे. 3 किलोवॅटचा फ्लॅश सुमारे 13 अँपिअर ओढतो आणि त्याच 16 अँपिअरच्या सॉकेटवर हीट प्रेस लावली तर दोन्ही चालणार नाहीत. जुन्या इमारतीत दोघांसाठी वेगळ्या तारा ओढून घ्याव्या लागतात, आणि घरमालकाची परवानगी त्याआधी.